घाटाखालचा उकाडा, घाटावरचे ऊन आणि वळवाचा पाऊस

मे महिन्यात मुंबईहून सकाळच्या गाडीने मनमाडला येणाऱ्या प्रवाशास हवामानशास्त्राचा एक धडा विनामूल्य शिकावयास मिळतो. कल्याण सोडेपर्यंत त्याचा सदरा पाठीला चिकटलेला असतो. पंख्याखाली बसूनही कपाळावरचा घाम हटत नाही. कसाऱ्याला गाडीला मागून जादा इंजिने लागतात, थळघाटाचे बोगदे मागे पडतात, इगतपुरी येते आणि खिडकीतून येणाऱ्या वाऱ्याचा स्वभावच पालटतो. पुढे नाशिक रोड, निफाड, लासलगाव करीत तो मनमाडला उतरतो, तेव्हा सदरा कडकडीत वाळलेला असतो आणि त्याच्या पाठीवर मिठाच्या पांढऱ्या रेघा उमटलेल्या असतात. फलाटावरचे ऊन डोळे दिपविणारे असते, वाऱ्याच्या झळा कानशिले भाजून काढतात. तापमापक मुंबईपेक्षा सहा-सात अंश अधिक दाखवीत असतो. तरीही घाटाखालची ती घुसमट येथे नसते.

प्रवाशाला वाटते, मनमाडला घाम येत नाही. घाम येतोच, मात्र तो दिसण्यापूर्वीच उडून जातो. कोकणातील माणूस ‘उकडते आहे’ म्हणतो आणि देशावरचा माणूस ‘ऊन भाजते आहे’ म्हणतो, यातला भेद केवळ बोलीचा नव्हे. दोन निराळ्या अवस्थांना लोकांनी दिलेली ती दोन नेमकी नावे आहेत. या दोन्ही उन्हांचा, आणि दुपार कलल्यानंतर त्यांच्यातून उद्भवणाऱ्या गडगडाटी पावसाचा, प्रस्तुत लेखात विचार करावयाचा आहे. विषय भूगोलाच्या तासाचा वाटला, तरी उघड्यावर काढून ठेवलेला कांदा, झाडाखाली बांधलेली बैलजोडी आणि भर दुपारी भरविलेली सभा, या सर्वांशी त्याचा थेट संबंध येतो.

एका अक्षांशाची दोन गावे

नकाशा उघडून पाहिला, तर ठाणे जिल्ह्यातून निघालेल्या पालघर जिल्ह्यातील डहाणू आणि नाशिक जिल्ह्यातील मनमाड ही गावे जवळजवळ एकाच अक्षांशावर, विसाव्या अंशाच्या आसपास, वसलेली दिसतील. दोहोंमधील सरळ अंतर सुमारे १८० किलोमीटर. डहाणू समुद्राला लागून. मनमाड समुद्रसपाटीपासून सुमारे ५८० मीटर उंचीवर, सह्याद्रीच्या पाठीशी, पर्जन्यछायेच्या प्रदेशात. २१-२२ मेच्या सुमारास दुपारी साडेबाराच्या आसपास मनमाडला सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि विजेच्या खांबाची सावली त्याच्या पायाशीच विरून जाते. डहाणूलाही त्याच आठवड्यात हेच घडते. सूर्य दोन्ही गावांना सारखेच देतो. फरक पडतो तो घेणाऱ्यांत.

पाणी सावकाश तापते व सावकाश निवते. खडक व माती लवकर तापतात व लवकर निवतात. मनमाड-नांदगाव-येवला या पट्ट्यातील काळा बेसॉल्ट आणि उघडे माळ सकाळी दहालाच तापू लागतात. शेजारच्या मालेगावच्या वेधशाळेत एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२-४३ अंश सेल्सिअसवर गेल्याच्या नोंदी नव्या नाहीत. डहाणूला मात्र दुपारी समुद्रावरून खारे वारे सुटतात व पाऱ्याला ३४-३५ च्या आसपास थोपवून धरतात. हे वारे गारवा आणतात तसेच बाष्पही आणतात, आणि खरी अडचण तेथेच आहे.

एक उदाहरण घेऊ. मेमधील एका दुपारी मनमाडला तापमान ४१ अंश व सापेक्ष आर्द्रता १५ टक्के आहे आणि डहाणूला तापमान ३४ अंश व आर्द्रता ६५ टक्के आहे, असे समजा. हिशोब केला तर मनमाडच्या एक घनमीटर हवेत सुमारे ८ ग्रॅम पाणी बाष्परूपाने आहे आणि डहाणूच्या तेवढ्याच हवेत सुमारे २४ ग्रॅम. म्हणजे तिप्पट. मनमाडच्या हवेला अद्याप ४० ग्रॅमहून अधिक बाष्पाची भूक आहे. डहाणूच्या हवेचे पोट बहुतेक भरत आलेले आहे.

ही भूक मोजण्याचे साधन आपल्या प्रत्येकाच्या घरात आहे, ते म्हणजे पाण्याचा माठ. माठाच्या छिद्रांतून पाझरलेले पाणी वाफ होऊन जाते व जाताना आतील पाण्यातली उष्णता घेऊन जाते. एक ग्रॅम पाण्याची वाफ होण्यास सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते. वरील उदाहरणातील मनमाडच्या हवेत, सावलीत व वाऱ्यावर ठेवलेल्या माठाचे पाणी उत्तम स्थितीत २१-२२ अंशांच्या आसपास उतरू शकेल. डहाणूच्या हवेत ते २८ अंशांच्या खाली जाणार नाही. याच तापमानाला शास्त्रात ‘आर्द्र गोलक तापमान’ म्हणतात. तापमापकाच्या पाऱ्याच्या फुग्याला ओले फडके गुंडाळून वारा घातला की ते मिळते. मनमाडचा माठ दात शिवशिवतील असे पाणी देतो आणि कोकणातल्या पाहुण्याला ‘तुमच्याकडची माती वेगळी का हो?’ असा प्रश्न पडतो. मातीचा गुण थोडा असेलही. पण मोठा गुण हवेचा आहे. वाळ्याचे पडदे आणि पाण्याचे कूलर घाटावर उपयोगी पडतात व किनाऱ्यावर नुसती दमट हवा फेकीत राहतात, त्याचेही कारण हेच.

शरीर हाही एक माठच

मनुष्याच्या शरीराचे तापमान ३७ अंशांच्या जवळपास राहावे लागते. काम करताना आत निर्माण होणारी उष्णता बाहेर टाकण्याचा मार्ग म्हणजे त्वचा. बाहेरची हवा त्वचेपेक्षा थंड असेल तोवर उष्णता आपोआप बाहेर जाते. हवा त्वचेहून उष्ण झाली की घाम सुकणे हा एकच मार्ग उरतो. दमट हवेत तोही आखडतो. घाम गळतो, पण सुकत नाही. आणि गळून गेलेल्या घामाने शरीराला गारवा मिळत नाही, पाणी व क्षार मात्र वाया जातात.

१६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघर येथे उघड्या मैदानावर झालेल्या सार्वजनिक समारंभात उन्हाच्या त्रासाने १४ जणांचा मृत्यू ओढवला. त्या दिवशी जवळच्या केंद्रावर नोंदले गेलेले कमाल तापमान ३८ अंशांच्या आसपास होते. मनमाडच्या वा जळगावच्या माणसाला ३८ हा आकडा उन्हाळ्याचा वाटणारही नाही. किनाऱ्याच्या दमट हवेत, सावलीविना तासन्‌तास बसून राहिलेल्या माणसाला तोच आकडा जीवघेणा ठरला. त्यानंतर दुपारी १२ ते ५ या वेळेत उघड्यावर कार्यक्रम घेऊ नयेत, असे शासनाने त्या उन्हाळ्यात ठरविले. त्यामागील कारण वरील माठाच्या उदाहरणावरून ध्यानात यावे.

भारतीय हवामान विभागाने उष्णतेच्या लाटेचे निकष ठरविताना हा भेद मानला आहे. मैदानी प्रदेशात कमाल तापमान किमान ४० अंश, डोंगराळ प्रदेशात ३० अंश आणि किनारपट्टीवर ३७ अंश झाल्यावरच लाटेचा विचार सुरू होतो. त्याखेरीज ते त्या दिवसाच्या सरासरीहून साडेचार अंशांनी वा अधिक वाढलेले असावे लागते, वाढ ६.४ अंशांपलीकडे गेली की लाट तीव्र मानतात. तेव्हा कोकणातील तालुक्याच्या अधिकाऱ्याने मनमाडचा ४२ चा आकडा वर्तमानपत्रात वाचून ‘आपल्याकडे बरे आहे’ असे समाधान मानू नये.

तथापि कोरड्या उन्हाचाही एक छुपा धोका आहे. घाम दिसत नसल्यामुळे किती पाणी गेले, याचा माणसाला अंदाज येत नाही. मनमाडसारख्या ठिकाणी हा धोका दुहेरी ठरतो. वाघदर्डी धरण आटले म्हणजे शहरात कित्येक वर्षे पंधरा-पंधरा दिवसांनी, कधी त्याहूनही उशिरा, नळाला पाणी आल्याचे लोकांनी अनुभवले आहे. हंडा जपून वापरण्याची सवय लागलेली गृहिणी आधी मुलांना व कर्त्या माणसांना पाणी देते आणि स्वतः कमी पिते. उष्माघाताच्या प्रचारपत्रकात हे वाक्य सहसा आढळत नाही, म्हणून येथे मुद्दाम नमूद करीत आहे. चक्कर, मळमळ, पायात गोळे येणे ही पहिली चिन्हे होत. माणूस असंबद्ध बोलू लागला वा शुद्ध हरपली आणि अंग चटका बसावा इतके तापले, तर तो उष्माघात समजावा. अंगावर पाणी ओतून वारा घालीत त्यास तत्काळ दवाखान्यात न्यावे. शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नये.

दुपारचा ढग

आता ढगाकडे वळू. तापलेल्या जमिनीलगतची हवा हलकी होऊन वर चढते. वर दाब कमी असल्याने ती प्रसरण पावते व दर किलोमीटरला सुमारे १० अंशांनी निवते. निवता निवता एका उंचीवर तिच्यातील बाष्पाचे पाणी होऊ लागते, आणि तेथे ढगाचा तळ दिसतो. तापमान आणि दवबिंदू यांच्यातील प्रत्येक अंशाच्या अंतराला सव्वाशे मीटर, असा ढोबळ हिशोब धरतात. मनमाडच्या वरील कोरड्या दुपारी हा तळ चार किलोमीटरवर जाईल. एवढ्या उंचीवरून पडलेला पाऊस खालच्या तहानलेल्या हवेतच जिरून जातो. क्षितिजावर ढगाखाली लोंबणाऱ्या करड्या झालरी दिसतात, त्या जमिनीपर्यंत पोहोचतच नाहीत. अंगावर येते ती धुळीची वावटळ.

मग वळीव पडतो केव्हा? ज्या दिवशी बाहेरून ओल येते तेव्हा. उन्हाळ्याच्या उत्तरार्धात विदर्भ-मराठवाड्यापासून कर्नाटकाच्या अंतर्भागातून दक्षिणेकडे कमी दाबाची एक द्रोणीय रेषा अनेकदा पसरलेली असते. तिच्या एका अंगाला बंगालच्या उपसागराकडून आलेले आग्नेयेचे वारे, तर दुसऱ्या अंगाला अरबी समुद्रावरचे पश्चिमेचे वारे असतात. ही रेषा सरकून आपल्या बाजूला आली, की मनमाडकरालाही सकाळीच ‘आज हवा जड आहे’ असे जाणवते. माठाचे पाणी त्या दिवशी नेहमीसारखे गार होत नाही. दवबिंदू १८ अंशांच्या घरात गेला, तर ढगाचा तळ अडीच किलोमीटरच्या आसपास खाली येतो.

ढग बनू लागल्यावर एक नवी गोष्ट घडते. पाण्याची वाफ होताना जी ५८०-६०० कॅलरी उष्णता खर्ची पडली होती, ती वाफेचे पुन्हा पाणी होताना ढगात परत मिळते. त्यामुळे ढगातील हवा आता सावकाश निवते, भोवतालच्या हवेहून उबदार राहते आणि अधिकच जोराने वर उसळते. शेतमजुराच्या पाठीवरून जी उष्णता घामाने उचलून नेली, तीच ढगाचे इंजिन चालविते, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. फुलकोबीसारखा फुगत जाणारा ढग तासाभरात १२ ते १५ किलोमीटर उंची गाठतो. तेथे वर जाण्याची वाट खुंटल्याने त्याचा माथा लोहाराच्या ऐरणीसारखा चपटा पसरतो. मनमाडहून दक्षिणेला अंकाई-टंकाईच्या मागे असा ऐरणीचा ढग तीन-साडेतीनला दिसला, तर पुढचे दोन तास सावध राहावे.

कोकणात वळीव उशिरा का?

वरील हिशोबाने डहाणूला ढगाचा तळ एक किलोमीटरच्या आतच हवा. बाष्पही मुबलक. मग एप्रिल-मेमध्ये किनाऱ्यावर रोज दुपारी गडगडाट का होत नाही? शिक्षकांनी हा प्रश्न वर्गात अवश्य विचारावा, कारण त्याच्या उत्तरात बरेचसे हवामानशास्त्र सामावलेले आहे. समुद्रावरून येणारा खारा वारा दमट असला, तरी जमिनीवरच्या हवेपेक्षा थंड असतो, आणि त्याच्या डोक्यावर देशावरून आलेल्या उष्ण, कोरड्या हवेचा थर झाकणासारखा बसलेला असतो. थंड हवा खाली व उष्ण वर, अशी रचना असेल तर वर चढण्यास वाव राहत नाही. भांड्यात पाणी आहे, खाली जाळ आहे. परंतु झाकण घट्ट आहे. केरळात हे झाकण सैल असते, म्हणून तेथे उन्हाळी गडगडाटी पाऊस नित्याचा. आपल्याकडे दक्षिण कोकणात आणि सह्याद्रीच्या माथ्यावर ते आधी उघडते. खारे वारे डोंगराला अडून वर ढकलले जातात, आणि कोल्हापूर, सातारा, पुणे या भागांत मे महिन्यात संध्याकाळचे वळीव कोसळतात. उत्तर कोकणात मात्र बहुधा मेअखेरीस, मोसमी वारे जवळ आल्यावर, वरच्या थरातही ओल भरते आणि झाकण निघते.

कधीकधी ते अवचित निघते. १३ मे २०२४ रोजी दुपारनंतर मुंबई परिसरात धुळीचे वादळ व गडगडाटी पाऊस झाला. घाटकोपर येथे पेट्रोल पंपावर महाकाय जाहिरात-फलक कोसळून १७ जण मृत्युमुखी पडले. तो फलक १२० फूट लांब व तितकाच उंच होता. तेथे माणसे दगावली ती पावसाने नव्हे, पावसापुढे धावणाऱ्या वाऱ्याने.

वारा आधी, पाऊस मागून

या वाऱ्याची उत्पत्ती समजून घेण्याजोगी आहे. ढगातून पडणारा पाऊस खालच्या कोरड्या हवेत अंशतः सुकतो व त्या हवेला थंड करतो. थंड झालेली हवा जड होते, थेट खाली कोसळते आणि जमिनीवर आपटून चोहोबाजूंना पसरते. वळवाच्या आधी अकस्मात येणारा गार झोत आणि त्यापाठोपाठ येणारा मातीचा वास हाच. हवा जितकी कोरडी व ढगाचा तळ जितका उंच, तितका हा झोत जोरकस. म्हणून मनमाड-येवल्याच्या माळावर पुष्कळदा पाऊस चार थेंब आणि वारा मात्र घराचे पत्रे उडविणारा, असा अनुभव येतो. पत्र्यांवर नुसते दगड ठेवण्याची आपल्याकडील रीत या वाऱ्यापुढे टिकत नाही. उलट उडालेल्या पत्र्याबरोबर तो दगडही खाली येतो. पत्रे हुकांनी बांधून घेणे, रस्त्यावर वाकलेल्या वाळक्या फांद्या छाटणे, लग्नाचा मांडव दोरांनी चहूकडून ताणणे ही कामे एप्रिल लागण्यापूर्वी व्हावीत. गावातील जाहिरात-फलक आणि कमानी यांची पाहणी ग्रामपंचायतीने करावी. पंधरा फुटी फलकही डोक्यावर पडला, तर लहान नसतो.

गारा आणि कांदा

ढगातील ऊर्ध्वगामी प्रवाह प्रबळ असला, की पाण्याचे थेंब गोठणबिंदूच्या वर फेकले जातात, तेथे बर्फाचे पापुद्रे चढत चढत त्यांच्या गारा बनतात आणि वारा पेलू शकेनासा झाला म्हणजे त्या खाली पडतात. किनाऱ्यावर गारा क्वचितच पडतात, कारण तेथील उबदार, दमट हवेतून येताना त्या वितळून जातात. नाशिक जिल्ह्याला मात्र हे दुःख परिचयाचे आहे. फेब्रुवारी-मार्च २०१४ मध्ये राज्याच्या मोठ्या भागावर दोन-अडीच आठवडे अधूनमधून गारपीट होत राहिली आणि द्राक्षबागांसह रब्बीचा घास हिरावला गेला. २६ नोव्हेंबर २०२३ रोजी तर ऐन हिवाळ्याच्या तोंडावर निफाड परिसरात गारांचा खच पडला.

उन्हाळी कांदा मार्चपासून मेपर्यंत निघतो, म्हणजे बरोबर वळवाच्या दिवसांत. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात मनमाडजवळच्या एका गावी मी कामानिमित्त गेलो होतो. संध्याकाळी चार वाजता एक वृद्ध शेतकरी, त्यांची सून आणि दोन नातवंडे शेतातील कांद्याच्या ढिगावर ताडपत्री ओढीत होती. ताडपत्री एक आणि ढीग तीन. ‘साहेब, कोणता झाकू ते सांगा,’ असे त्यांनी मला विचारले. मला उत्तर देता आले नाही. त्यांनी मधला झाकला, कारण त्यात बियाण्यासाठी निवडलेला माल होता. पाऊस जेमतेम वीस मिनिटे पडला. पंधरा दिवसांनी पुन्हा त्या बाजूस जाणे झाले, तेव्हा बांधावर सडलेल्या कांद्याचा वास येत होता.

भिजलेला कांदा चाळीत भरला, की तो स्वतः सडतोच, शिवाय शेजारच्यालाही सडवितो. काढणीनंतर तीन ते पाच दिवस कांदा शेतातच, एका ओळीची पात दुसऱ्या ओळीच्या कांद्यावर येईल अशा रीतीने सुकवावा, इंचभर मान ठेवून पात कापावी आणि नंतर सावलीत वाळवून चाळीत भरावा, ही शिफारस योग्यच आहे. परंतु तिच्यातील पहिले तीन ते पाच दिवस उघड्या आभाळाखालचे असतात, आणि हवामान अंदाजाचा उपयोग नेमका तेथे आहे. आठवड्याचा अंदाज पाहून काढणीचा दिवस ठरविणे व सगळे वावर एकाच वेळी न उपटणे, एवढे तरी शेतकऱ्याच्या हाती असते. मे २०२५ मध्ये मात्र तेही हाती राहिले नाही. पूर्वमोसमी पाऊस दिवसेंदिवस लांबला, मोसमी पाऊस ११ जून या नेहमीच्या तारखेऐवजी २६ मे रोजीच मुंबईत दाखल झाला, आणि उन्हाळी कांद्याचे फार नुकसान झाले.

वीज

ढगात बर्फाचे कण व गारांचे गोळे एकमेकांवर आपटून विद्युतभार विलग होतो. बहुधा माथ्याकडे धन व तळाकडे ऋण. हा ताण असह्य झाला, की वीज कोसळते. तिच्या मार्गातील हवा क्षणार्धात सुमारे ३०,००० अंशांपर्यंत तापते व स्फोटासारखी फाकते, तोच गडगडाट. उजेड तत्काळ दिसतो, आवाजाला मात्र एका किलोमीटरला तीन सेकंद लागतात. चमक दिसल्यापासून आकडे मोजावेत. पंधरापर्यंत मोजून आवाज आला, तर वीज पाच किलोमीटरवर आहे. तीस मोजण्याच्या आत आवाज आला, तर काम टाकून पक्क्या घरात जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तेथेच थांबावे. पाऊस सुरू होण्यापूर्वी आणि थांबल्यानंतरही वीज पडू शकते. घाई करणारी माणसे पुष्कळदा याच वेळी सापडतात.

माळावर एकटे उभे असलेले कडुनिंबाचे वा बाभळीचे झाड हा पावसात सर्वांत सुचणारा आणि सर्वांत वाईट आसरा होय. वीज झाडावरून उतरून जमिनीत पसरते तेव्हा जमिनीवर जवळजवळच्या दोन बिंदूंमध्येही दाबाचा मोठा फरक पडतो. गुरांचे पुढचे व मागचे पाय एकमेकांपासून लांब असल्याने त्यांच्या शरीरातून प्रवाह सहज जातो, आणि झाडाखाली बांधलेली जनावरे एकाच वेळी दगावतात. जवळ आसरा नसेल, तर पाय जुळवून, गुडघ्यात डोके घालून उकिडवे बसावे; आडवे पडू नये. तारेचे कुंपण, विहिरीवरची मोटार आणि ट्रॅक्टरची उघडी बैठक यांपासून दूर राहावे.

पायाळू माणसावर वीज पडते, असा समज आपल्या खेड्यांतून अद्याप ऐकू येतो. जन्माच्या वेळी पाय आधी आले की डोके, याची विजेला काही माहिती नसते. शाळेत एखाद्या पायाळू मुलाला इतर मुले पावसात जवळ येऊ देत नसतील, तर शिक्षकांनी लक्ष घालावे. याहून घातक समज म्हणजे वीज पडलेल्याच्या अंगात ‘करंट’ राहतो, म्हणून त्यास शिवू नये. विजेचा भार शरीरात उरत नाही. हृदय व श्वास थांबलेल्या माणसाच्या छातीवर तत्काळ दाब देत राहिल्यास आणि कृत्रिम श्वासोच्छ्वास दिल्यास तो वाचू शकतो. ती पहिली काही मिनिटे हात लावायच्या भीतीत वाया जातात.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने देशभर ८० हून अधिक संवेदकांचे जाळे उभारले असून, तिचे ‘दामिनी’ हे मोबाईल ॲप आपण असू तेथून २० व ४० किलोमीटरच्या टप्प्यातील विजांची सूचना देते. ग्रामपंचायतीत ज्याच्याजवळ असा फोन आहे, त्याने ती सूचना मंदिराच्या वा समाजमंदिराच्या ध्वनिक्षेपकावरून सांगण्याची व्यवस्था कोणत्याही निधीविना होऊ शकते. हानी झालीच, तर पूर्वी तलाठी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ग्राम महसूल अधिकाऱ्यास लगेच कळवून पंचनामा करून घ्यावा. मृत जनावर पंचनाम्यापूर्वी पुरले, की पुढे कागद जुळविणे अवघड होते.

पाणी किती?

एवढे सारे सोसून वळवाच्या पावसाने धरणे भरतात का? एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका हेक्टरवर दहा हजार लिटर पाणी. वीस मिलिमीटरच्या सरीने हेक्टरभर वावरावर दोन लाख लिटर पाणी पडते. पण ते भेगाळलेल्या जमिनीत मुरते, उरलेले दोन दिवसांच्या उन्हात उडते, आणि सर पडते ती चार गावांवर, पाचव्यावर नाही. वाघदर्डीच्या पातळीत त्याने फारसा फरक पडत नाही. नांगरटीला वाफसा मिळतो, चाऱ्याला पालवी फुटते आणि दोन दिवस हवा निवते, ही त्याची खरी देणगी. इगतपुरीला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस असतो आणि त्याच जिल्ह्यातील या पूर्व पट्ट्यात त्याच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाइतका, हे ध्यानात घेतले म्हणजे इथल्या माणसाला त्या दोन दिवसांचे अप्रूप का वाटते ते कळते.

राज्यात ‘महावेध’ प्रकल्पातून महसूल मंडळाच्या ठिकाणी स्वयंचलित हवामान केंद्रे उभारण्यात आली आहेत. पण एका मंडळात अनेक गावे येतात आणि वळीव मंडळाची सीमा पाहून पडत नाही. शाळेने स्वतःची नोंद ठेवावी. त्यास फार साहित्य लागत नाही. दोन साधे तापमापक घेऊन सावलीत टांगावेत, त्यांपैकी एकाच्या फुग्याला ओल्या मलमलीची वात गुंडाळून तिचे टोक पाण्याच्या वाटीत सोडावे, आणि दुपारी अडीच वाजता दोहोंचे आकडे लिहावेत. ज्या दिवशी त्यांच्यातील अंतर एकाएकी घटलेले दिसेल, त्या दिवशी ओल आली आहे असे समजून संध्याकाळच्या आभाळाकडे लक्ष द्यावे. पावसासाठी सरळ उभ्या बाजूंचा डबा झाडे व भिंती यांपासून दूर ठेवावा आणि सकाळी साडेआठला त्यातील पाण्याची उंची पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजावी. हवामान विभागाचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो, म्हणून काल संध्याकाळी पडलेला वळीव आजच्या तारखेपुढे लिहावयाचा असतो. नव्या वहीत पहिली चूक बहुधा येथेच होते.